कोंबडीला आतून विचारायला हवं

दिल्ली कॅन्टमध्ये हिवाळा आला की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे पहाटेच्या धुक्यात परेडची रिहर्सल, आणि दुसरी म्हणजे रविवारी दुपारी फॅमिली क्वार्टरच्या ओळीत पसरणारा भाजलेल्या कोंबडीचा वास. आपल्याकडे सातारा-कोल्हापूरला रविवार म्हणजे रस्सा. इथे पंजाबी, गढवाली, केरळी, नागा असे सगळे शेजारी. कुणी कॅन्टीनमधून ओटीजी आणलेला असतो, कुणी मोठा ओव्हन. एकाचं बघून दुसरा शिकतो आणि पाहता पाहता आपली मराठी मंडळीही अख्खी कोंबडी मसाला लावून ओव्हनमध्ये ठेवायला लागतात. चांगलं आहे. पोस्टिंगने माणूस खायला शिकतो, हे मी या ब्लॉगवर आधीही लिहिलंय.

पण एक गोष्ट मला खटकते. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ज्या घरात ओव्हनमध्ये मांस भाजलं जातं, त्या घरात प्रोब थर्मामीटर असायला हवा. आणि ज्या लंगरात शंभर-दोनशे जवानांसाठी मांस भाजलं जातं, तिथे तो नसणं ही मला बेशिस्त वाटते. प्रोब म्हणजे टोकाला सेन्सर असलेली एक बारीक सळई. मांसात खुपसली की आतलं तापमान आकड्यात दिसतं. काही शे रुपयांत मिळते. आमच्या लंगरात तिला सगळे ‘सुई’ म्हणतात, म्हणून मीही पुढे सुईच म्हणतो.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. “आमच्या आईने आयुष्यभर मटण शिजवलं, तिला कुठे सुई लागली?” प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तरही सरळ आहे. आईने रस्सा शिजवला. पातेल्यात पाणी उकळतंय म्हणजे आतलं तापमान शंभर अंशांच्या जवळ आहे, हे डोळ्यांना दिसतं. त्या उकळीत फोडी तासभर राहिल्या की आजारी पाडणारे बहुतेक जंतू आत जिवंत उरत नाहीत. उकळणारं पातेलं हाच आईचा थर्मामीटर होता. वर एक फोड काढून अंगठ्याने दाबून बघायची सोय होतीच. ओव्हनमध्ये यातलं काहीच नाही. तिथे आहे कोरडी गरम हवा, बंद दार आणि एक किलोची सबंध कोंबडी. कातडी कधी लाल होईल हे हवा ठरवते. मांडीच्या सांध्यात काय चाललंय याचा त्या कातडीला पत्ताही नसतो.

फौजेच्या भाषेत सांगायचं तर कातडीचा रंग म्हणजे गेटवरून दिलेला ‘सब ठीक’ रिपोर्ट. आत पोस्टवर जाऊन कुणी बघितलेलं नसतं.

दुसरं उत्तर असतं, “अहो, सुरीने कापून बघायचं. पाणी पारदर्शक निघालं की झालं.” हेही भरवशाचं नाही. मांसाचा गुलाबीपणा ज्या रंगद्रव्यामुळे असतो, ते वेगवेगळ्या परिस्थितीत वेगवेगळ्या तापमानाला रंग बदलतं. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडाजवळचं मांस पूर्ण शिजल्यावरही लालसर राहू शकतं, कारण हाडातला रंग बाहेर झिरपतो. उलट काही वेळा मांस सुरक्षित तापमानाला पोचायच्या आधीच तपकिरी दिसायला लागतं. त्यातून आपण लावतो काश्मिरी मिरची, हळद, दही आणि कधी खाण्याचा रंग. एवढं सगळं चोपडल्यावर कुठला लाल मसाल्याचा आणि कुठला लाल कच्चेपणाचा, हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता दिल्लीचा मुद्दा. हा मी मुद्दाम मांडतोय, कारण कृतीची पुस्तकं आणि व्हिडिओ हे सांगत नाहीत. कृतीत लिहिलेलं असतं, ‘१८० अंशांवर एक तास’. जानेवारीत इथे रात्री पारा चार-पाच अंशांवर जातो. क्वार्टरचं स्वयंपाकघर दिवसाही गारठलेलं असतं. फ्रीझरमधली कोंबडी सकाळी ओट्यावर काढून ठेवली तर दुपारपर्यंत तिच्या पोटात बर्फाचे खडे असतात. तीच कोंबडी मे महिन्यात, बाहेर बेचाळीस अंश असताना, दोन तासांत पूर्ण सुटते आणि तिसऱ्या तासाला खराब व्हायच्या वाटेला लागते. म्हणजे एकाच घरात, एकाच ओव्हनमध्ये ‘एक तास’ या शब्दाचे दोन अर्थ झाले. जानेवारीत तो कमी पडतो. आणि मे महिन्यात तासाचा हिशेब जमला तरी कोंबडी ओट्यावर ठेवणंच चूक असतं, ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यातच सुटायला हवी. घड्याळ वेळ सांगतं, तापमान सांगत नाही. त्यात घरगुती ओटीजीच्या बटणावर लिहिलेले १८० आतमध्ये खरोखर १८० असतीलच असं नाही. मागची बाजू तापते, दाराची बाजू मागे राहते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या लंगरात आम्ही एक साधी गोष्ट केली. एकाच ट्रेमध्ये, एकाच वजनाच्या, एकाच वेळी ठेवलेल्या कोंबड्यांना एकेक करून सुई लावली. मागच्या कोंबडीच्या मांडीत ७९ दिसले. दाराजवळच्या कोंबडीत ६४. दोन्हींचा रंग सारखाच, सुंदर. आमचा कुक गढवालचा, वीस वर्षं चुलीपुढे काढलेला माणूस. सुईची गोष्ट काढली तेव्हा आधी म्हणाला होता, “साब, मेरा हाथ बताता है.” ते ६४ बघितल्यावर काही बोलला नाही. ट्रे फिरवला आणि पुन्हा आत ठेवला. त्या दिवसापासून सुई त्याच्याच खिशात असते, मागायला गेलं तरी देत नाही.

आकडे कुठले धरायचे? आपल्या देशात अन्नसुरक्षेचं काम एफएसएसएआय बघते. खानपान व्यवसायाच्या तपासणीसाठी त्यांनी दिलेल्या निकषांत मांसाहारी पदार्थाच्या गाभ्याचं तापमान ६५ अंशांना १० मिनिटं, किंवा ७० अंशांना २ मिनिटं, किंवा ७५ अंशांना १५ सेकंद असावं असं म्हटलंय. ब्रिटनमध्येही ७० अंशांना २ मिनिटं हाच दंडक आहे. अमेरिकेत कोंबडीसाठी १६५ फॅरेनहाइट, म्हणजे जवळजवळ ७४ सेल्सिअस सांगतात. खिम्यासाठी १६० फॅरेनहाइट, म्हणजे ७१. यातली मेख लक्षात घ्या. जंतू एका ठराविक आकड्याला टपकन मरत नाहीत. तापमान आणि वेळ दोन्ही मिळून त्यांना मारतात. कमी तापमान असेल तर जास्त वेळ द्यावा लागतो. घरी इतका हिशेब नको असेल तर एकच आकडा पाठ करा. कोंबडी, सर्वांत जाड भागात, ७५. संपला विषय.

खिमा वेगळा का, तेही सांगतो. मांसाचा सबंध तुकडा असेल तर जंतू बहुतेक वरच्या पृष्ठभागावर असतात आणि तो भाग आधी तापतो. खिमा केला की वरचे जंतू आत जातात, सगळीकडे पसरतात. म्हणून सीख कबाब बाहेरून करपलेला आणि आत कोमट असेल तर तो सबंध मांडीच्या तुकड्यापेक्षा जास्त धोक्याचा. कोंबडीच्या बाबतीत तर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोघे जुने पाहुणे. ते असतील असं धरूनच चालायचं.

दिल्लीत राहून तंदूरबद्दल न बोलणं म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाबद्दल न बोलण्यासारखं. तंदूरचा ताप घरच्या ओव्हनच्या दुपटीच्या आसपास असतो, म्हणून तिथे काम झटपट होतं. पण गर्दीच्या ठिकाणी कोंबडी दोनदा भाजण्याची पद्धत आहे. पहिल्या फेरीत अर्धी भाजून सळईवर टांगून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा आत टाकून गरमागरम देतात. चव छान येते, नाही म्हणत नाही. पण अर्धी भाजलेली कोंबडी तासन् तास कोमट टांगलेली राहिली तर ती जंतूंसाठी उबदार क्वार्टरच ठरते. दुसरी फेरी तीन-चार मिनिटांची असते. तेवढ्यात गाभा ७५ला पोचला की नाही, हे सुईशिवाय कुणाला कळणार? चांगल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात म्हणूनच सुई असते. बडाखान्याला भाड्याचा तंदूर लावून हीच पद्धत वापरतात, तिथेही ती हवी.

आता मटणाच्या मांडीबद्दल, ज्याला इथे रान म्हणतात. इथे परदेशी पुस्तकं आपल्याला फसवतात. त्यांत मांडीसाठी ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती असं लिहिलेलं असतं. ते कोवळ्या मेंढीसाठी आणि आतून गुलाबी मटण खाणाऱ्यांसाठी. आपलं बोकडाचं मटण. चरबी कमी, स्नायू दमदार, रानात हिंडलेलं जनावर. ६३ला ते सुरक्षित असेल, पण दातांना दोरखंड चावल्यासारखं लागेल. मांसातले चिवट धागे विरघळून मऊ व्हायला जास्त ताप आणि भरपूर वेळ लागतो. म्हणून रान करताना फॉइलने झाकून, १५० ते १६० अंशांच्या मंद ओव्हनमध्ये, आतला आकडा ८५ ते ९०पर्यंत नेऊन तिथे थोडा वेळ राहू द्यायचा. मग हाड सुटतं. सांगायचं ते असं, की ‘सुरक्षित’ आणि ‘शिजलेलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुई दोन्ही सांगते, फक्त आपल्याला काय विचारायचंय ते माहीत हवं.

कोंबडीत हे उलट होतं. छातीचं मांस ७५ला रसाळ असतं, ८५ला कापूस. कच्ची राहील या भीतीने लोक अर्धा तास जास्त ठेवतात आणि मग ‘ब्रॉयलरला चवच नाही’ म्हणून कोंबडीला दोष देतात. सुईचा हा दुसरा फायदा कुणी सांगत नाही. ती जंतूंपासून वाचवते, तशी भीतीने जास्त भाजण्यापासूनही वाचवते.

मी हे सगळं फौजी ब्लॉगवर का लिहितोय? कारण फौजेइतकं हे कुणालाच लागू नाही. जुन्या लढायांत गोळीपेक्षा आजाराने जास्त सैनिक मेले, हा इतिहास आहे. क्रिमियाच्या युद्धात १८५५ साली अलेक्सिस सोयर नावाचा लंडनमधला नामांकित आचारी स्वतःहून ब्रिटिश सैन्याच्या मदतीला गेला. स्कुटारीच्या इस्पितळात त्याला दिसलं, की मांसाचे तुकडे एकत्र इतके घट्ट बांधून हंड्यात सोडतात की बाहेरचं शिजतं आणि मधलं कच्चं राहतं. त्याने तुकडे मोकळे ठेवायला लावले, म्हणजे गरम पाणी सगळीकडे पोचेल. त्याने बनवलेली शेगडी त्यानंतर कित्येक दशकं सैन्यात चालली. हा सगळा खटाटोप कशासाठी होता? मधल्या भागापर्यंत आच पोचते की नाही, एवढ्याच एका प्रश्नासाठी. दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला, प्रश्न तोच आहे. फरक इतकाच, की आज उत्तर मिळवायला दहा सेकंद पुरतात.

जानेवारीत दिल्ली कॅन्टमध्ये देशभरातून तुकड्या येतात. महिना-दीड महिना पहाटे उठून, थंडीत कर्तव्य पथावर पावलं जुळवतात. एका रात्रीच्या जेवणाने अर्धी तुकडी आडवी झाली तर ते नुकसान कुठल्या कागदावर लिहिणार? आणि परेड तर दिसणारी गोष्ट. गार्डवर, सिग्नल सेंटरवर, वर्कशॉपमध्ये उभी असलेली माणसंही त्याच लंगरातून जेवतात. घरात एक कोंबडी कच्ची राहिली तर चार माणसं आजारी पडतात. लंगरात पडतात ती दोनशे.

लंगरात जेवण वाढायच्या आधी जबाबदार माणसाने चाखून बघण्याची पद्धत आहे. चांगली पद्धत आहे, ती राहावी. पण चाखून काय कळतं? मीठ, तिखट, कच्चट वास. जंतूला ना चव असते, ना वास. दोनशे कोंबड्यांतल्या एका तुकड्याची चव बाकीच्या एकशे नव्याण्णवांबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की चाखण्याबरोबर आकडाही लिहावा. प्रत्येक ट्रेमधल्या सर्वांत मोठ्या कोंबडीचा आणि दाराजवळच्या कोंबडीचा. वहीत दोन आकडे, वेळ आणि सही. आपण गाडीचं तेल, टायरची हवा, रायफलच्या गोळ्या सगळं मोजून लिहितो. जे थेट पोटात जातं तेच तेवढं अंदाजावर का सोडतो?

“कुकचा अपमान होतो” हा आक्षेप मी ऐकलाय. मला उलट वाटतं. नवा पोरगा कुक असतो, समोर मोठ्या हुद्द्याचा माणूस घाई करतो, “अरे झालंय, दिसतंय ना, वाढ.” त्या पोराच्या हातात काय असतं? नुसतं ‘मला वाटतं’. सुई असली तर तो म्हणू शकतो, “साहेब, ६८ आहे, सात मिनिटं द्या.” सुई कुणाला सलाम करत नाही, म्हणून ती कुकच्या बाजूने उभी राहते.

सुईच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर हा प्रचार होईल. स्वस्त सुई चुकू शकते. म्हणून जसं फायरिंगच्या आधी रायफलचं झिरोइंग करतो, तसं हिचंही करायचं. ग्लासात बर्फाचा चुरा भरायचा, थोडं पाणी घालायचं, ढवळायचं आणि सुई मध्ये धरायची. शून्य दाखवलं पाहिजे. उकळत्या पाण्यात दिल्लीला ९९च्या थोडं वर दाखवेल. पण हीच परीक्षा लेहला केलीत तर ८८च्या आसपास येईल, आणि त्यात सुईचा दोष नाही. साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणीच तेवढ्याला उकळतं. म्हणून तर तिकडे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. पोस्टिंग बदललं तरी बर्फाची परीक्षा बदलत नाही, ती लक्षात ठेवा.

सुई खुपसताना हाडाला लागू द्यायची नाही, ट्रेलाही नाही. कोंबडीत मांडी आणि धड जिथे मिळतात तिथल्या जाड भागात, आणि एकदा छातीत. मटणाच्या मांडीत बरोबर मध्यावर. दोन-तीन ठिकाणी बघायचं आणि सर्वांत कमी आकडा तो खरा मानायचा. प्रत्येक वेळी काढली की साबणाच्या गरम पाण्याने किंवा स्पिरिटने पुसायची. कच्च्यातली सुई शिजलेल्यात घालायची नाही, नाहीतर जो रोग टाळायचा तोच आपण हाताने पेरतो. भोकातून सगळा रस निघून जातो म्हणतात, त्याची काळजी करू नका. दोन-चार थेंब जातात.

आणि भाजून झालं म्हणजे काम संपलं नाही. मोठ्या लंगरांचा खरा शत्रू अनेकदा जेवणानंतर जागा होतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू शिजण्यातूनही तगतात, आणि मोठ्या पातेल्यात मांस हळूहळू कोमट होत राहिलं की झपाट्याने वाढतात. म्हणून गरम वाढायचं ते ६० अंशांच्या वर ठेवायचं. उरलेलं मोठ्या भांड्यात न ठेवता पसरट ट्रेमध्ये काढून, दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या दोन तासांत ५ अंशांपर्यंत गार करायचं. पुन्हा गरम करताना गाभा परत ७५. हेही आकडे एफएसएसएआयच्याच निकषांतले, आणि हेही सुईच सांगते. एक मात्र ती करू शकत नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या मांसात काही जंतू असं विष सोडतात जे पुन्हा तापवूनही जात नाही. तिथे आकडा कितीही चांगला आला तरी ते मांस टाकायचं. मन मोडतं, पण टाकायचं.

रस्स्याला सुई लावा असं मी म्हणत नाही. तांबडा-पांढरा उकळतोय, वास सुटलाय, तिथे कुणी थर्मामीटर काढला तर आमच्या गावात त्याला पंगतीतून उठवतील आणि ते योग्यच होईल. पण चूल बदलली की शहाणपणही बदलावं लागतं. आईचा अंगठा पातेल्यासाठी होता. बंद दाराच्या ओव्हनसाठी तिचा वारसा पुढे चालवायचा तर तो सुईनेच चालेल, कारण तिनेही कधी न दाबता फोड वाढली नव्हती. ती बघूनच वाढायची.

या हिवाळ्यात कुणाच्या क्वार्टरमध्ये नवा ओव्हन येणार असेल, तर त्याच फेरीत सुईही घ्या. आणि लंगर कमांडर मंडळींनो, पुढच्या बडाखान्याच्या सामानाच्या यादीत मसाल्यांच्या वर तिचं नाव लिहा.